नवीन खाते उघडण्याआधी संगणकाची घडी कशी बसवावी?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. एका संगणकावर अनेकांची खाती असतात आणि प्रत्येक नव्या खात्यात मराठी कळफलक, फॉन्ट, प्रिंटर, डेस्कटॉपवरची चिन्हे हे सारे पुन्हा पहिल्यापासून लावावे लागते. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. लिनक्सविषयीचा शेवटचा प्रश्न सोडल्यास सर्व उत्तरे विंडोज १० आणि ११ यांना लागू आहेत.

प्रश्न : कोल्हापुरातल्या राजारामपुरीत माझा टंकलेखन व संगणक प्रशिक्षणाचा वर्ग आहे. दर तुकडीला नवी खाती उघडावी लागतात. मी माझ्या खात्यात सर्व सेटिंग मनासारखी करून ठेवली आहेत, पण नवे खाते उघडले की ते कोरेच निघते. माझ्या खात्याचा संपूर्ण फोल्डर उचलून नव्या खात्यांसाठी वापरला तर चालेल का?

उत्तर : तसे करू नये. त्याचे कारण समजण्यासाठी नवे खाते तयार होताना संगणक नेमके काय करतो हे आधी पाहावे लागेल, आणि पुढची बहुतेक उत्तरेही त्यावरच अवलंबून आहेत.

आपण खाते उघडतो तेव्हा फक्त त्याचे नाव आणि अधिकार नोंदले जातात. ती व्यक्ती पहिल्यांदा लॉगिन करते, त्या वेळी सी ड्राइव्हवरील ‘यूझर्स’ या फोल्डरमधल्या ‘डिफॉल्ट’ नावाच्या फोल्डरची प्रत काढली जाते आणि ती प्रत म्हणजेच त्या व्यक्तीचे प्रोफाइल होते. पडद्यावर आपल्याला थोडा वेळ थांबायला सांगितले जाते, त्या अवधीत हे काम चालू असते. ‘डिफॉल्ट’ हा फोल्डर लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या वस्तू दाखवण्याची खूण केल्यावरच तो दिसतो. विंडोज एक्सपीमध्ये तो ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये ‘डिफॉल्ट यूझर’ या नावाने असे, व्हिस्टापासून त्याची जागा आणि नाव बदलले. या फोल्डरमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स यांसारखे उपफोल्डर असतातच, पण खरा ऐवज असतो तो ‘एनटीयूझर डॉट डॅट’ नावाच्या एका फाइलमध्ये. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही; तिचा जो भाग त्या एका वापरकर्त्यापुरता असतो, म्हणजे त्याच्या पडद्याचा रंग, माउसचा वेग, फाइलींची मांडणी इत्यादी, तो सर्व या फाइलमध्ये साठवलेला असतो.

आपल्या भागातील वाचकांना ही गोष्ट उसाच्या बेण्यावरून लगेच ध्यानात येईल. बेणे जसे असेल तसा प्लॉट उगवतो. लावण झाल्यानंतर बेणेमळ्यात कितीही सुधारणा केली तरी उभ्या उसात फरक पडत नाही, आणि बेण्यातच काणी (उसाचा एक रोग) असेल तर ती प्रत्येक फुटव्यात दिसते. आपले वापरात असलेले खाते हे बेणे म्हणून योग्य नाही, ते एवढ्यासाठीच. त्यात आपण उघडलेल्या फाइलींची यादी असते, ब्राउझरचा इतिहास असतो, आपल्या नावाच्या फोल्डरकडे बोट दाखवणारे असंख्य पत्ते असतात. ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड सहसा दुसऱ्या खात्यात उलगडत नाहीत, कारण ते आपल्या खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात. परंतु इतिहास आणि बुकमार्क मात्र जसेच्या तसे तुकडीतल्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर उघडे पडतील. याशिवाय हाताने हलवलेल्या फाइलींबरोबर त्यांचे जुने परवाने तसेच राहू शकतात. फाइल ‘डिफॉल्ट’मध्ये दिसते, पण ती वाचण्याचा अधिकार फक्त आपल्यालाच उरतो, आणि नवा विद्यार्थी लॉगिन करू गेला की प्रोफाइल उघडता येत नाही असा संदेश येऊन तो दारातच अडकतो. एक्सपीमध्ये कोणतेही प्रोफाइल ‘डिफॉल्ट’वर उतरवण्यासाठी ‘कॉपी टू’ हे बटण असे. विंडोज ७ पासून ते बटण आपल्या खात्यापुढे निष्क्रिय दिसते, ते बिघडलेले नसून जाणूनबुजून बंद केलेले आहे.

आपल्या वर्गासाठी माझा सल्ला असा की, सर्वांना खरोखर लागणाऱ्या चार-पाच गोष्टींची आधी कागदावर यादी करावी आणि तेवढ्याच गोष्टी योग्य मार्गाने ‘डिफॉल्ट’मध्ये घालाव्यात. सरावाच्या उताऱ्यांच्या फाइली प्रत्येकाला स्वतंत्र हव्या असतील तर त्या ‘डिफॉल्ट’मधल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवता येतात, मात्र त्या तेथे कट करून नव्हे, तर कॉपी करून ठेवाव्यात, म्हणजे त्या फोल्डरचे परवाने त्यांना लागू होतात. टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचे चिन्ह सर्वांच्या डेस्कटॉपवर हवे असेल तर त्यासाठी ‘डिफॉल्ट’ला हात लावण्याची गरजच नाही. ‘यूझर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरच्या डेस्कटॉपवर ते एकदा ठेवले की जुन्या-नव्या प्रत्येक खात्यात दिसते.

प्रश्न : आम्ही शाहूपुरीत एक अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली येतात, प्रत्येकाला स्वतःचे खाते देतो. दर वेळी मराठी कळफलक नव्याने जोडावा लागतो. काही मुलांना तो जोडताच येत नाही आणि ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून काम भागवतात. यावर कायमचा उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि तो विंडोजनेच दिलेला अधिकृत उपाय आहे, त्यासाठी रजिस्ट्रीत शिरावे लागत नाही. मराठी लिहू इच्छिणाऱ्या मुलाला पहिल्या पाच मिनिटांत मराठी सापडले नाही तर तो पुढे ते शोधत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

प्रशासकाच्या खात्यातून लॉगिन करून आधी त्या खात्यातच भाषा नीट लावून घ्याव्यात. इंग्रजी (भारत) आणि मराठी अशा दोनच भाषा ठेवाव्यात, आपोआप आलेले अमेरिकी किंवा इतर कळफलक काढून टाकावेत, कारण यादीत चार कळफलक असले की मुले भलत्याच कळफलकावर जाऊन पोहोचतात. मराठीखाली कोणता कळफलक ठेवावा याचाही निर्णय येथेच घ्यावा. ज्यांना रोमन अक्षरांत शब्द टाइप करून त्याचे देवनागरी रूप मिळवायचे आहे, त्यांच्यासाठी विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कळफलक उपलब्ध आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलकही जोडून ठेवावा. त्यात ‘पन्हाळा’ मधला ळ शिफ्ट धरून एन दाबल्यावर, आणि ‘दुसऱ्या’ मधला ऱ शिफ्ट धरून जे दाबल्यावर थेट मिळतो. संगणकाने सुचवलेल्या शब्दांतून निवड करीत बसावे लागत नाही, आणि ज्याला रोज लिहायचे आहे त्याच्या हाताला ते लवकर वळण लावते.

ही मांडणी झाली की कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजन’ उघडून ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ या विभागात जावे आणि ‘कॉपी सेटिंग्ज’ हे बटण दाबावे. उघडणाऱ्या चौकटीत एकाखाली एक तीन नोंदी दिसतात: आपल्या चालू खात्याची, लॉगिनच्या पडद्याची आणि नव्या खात्यांची. प्रत्येकीत पडद्यावरची भाषा, कळफलक, तारीख-आकड्यांचे स्वरूप आणि स्थान लिहिलेले असते, त्यामुळे आपले आणि नव्या खात्यांचे सेटिंग कोठे जुळत नाही हे तेथेच कळते. खाली दोन चौकोन असतात. त्यातील ‘न्यू यूझर अकाउंट्स’ या चौकोनात खूण करून ‘ओके’ म्हणावे. बदल लागू होण्यासाठी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. यापुढे त्या संगणकावर जो कोणी पहिल्यांदा लॉगिन करील, त्याला टास्कबारवर मराठी तयार मिळेल आणि विंडोज व स्पेसबार या दोन कळा एकत्र दाबून तो कळफलक बदलू शकेल.

‘वेलकम स्क्रीन’ या वरच्या चौकोनात खूण करताना मात्र दोनदा विचार करावा. ती केल्यास लॉगिनच्या पडद्यावरही मराठी कळफलक येतो, आणि तो कधी चुकून निवडला गेला तर इंग्रजी पासवर्ड कितीही काळजीपूर्वक दाबला तरी चुकीचाच ठरतो. पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसत असल्यामुळे आपण देवनागरीत लिहीत आहोत हे लक्षातही येत नाही. अभ्यासिकेसारख्या ठिकाणी तो चौकोन रिकामा सोडावा, असे मी सुचवीन.

फॉन्टची अडचण याहून वेगळी आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून फॉन्ट एकट्या खात्यापुरताही बसवता येतो, आणि फाइलवर दोनदा क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटले की तो बहुधा तसाच बसतो. मग प्रशासकाला, समजा, मुक्ता हा फॉन्ट दिसतो आणि मुलांना दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे फॉन्टच्या फाइलवर उजवे क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’ हा पर्याय निवडणे.

प्रश्न : कागल तालुक्यातील एका पतसंस्थेत मी संगणकाचे काम पाहतो. काउंटरवर एक पासबुक छापायचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि एक लेझर प्रिंटर आहे. नवा लिपिक रुजू झाला की त्याच्या खात्यात प्रिंटर आपोआप बदलतो आणि पासबुकाची नोंद लेझरवर जाते. फाइलींच्या नावांमागची शेपटेही (एक्स्टेन्शन) दिसत नाहीत. ही दोन्ही सेटिंग आधीच करून ठेवता येतील का?

उत्तर : येतील. प्रिंटर बदलण्याचे कारण असे की, डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने स्वतः सांभाळावा हा पर्याय नव्या खात्यात चालू असतो, आणि त्यात शेवटी वापरलेला प्रिंटर हाच डिफॉल्ट धरला जातो. फाइलींची शेपटे दिसावीत हा आपला आग्रह मला फार योग्य वाटतो. ‘चलन.पीडीएफ’ असे नाव दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘चलन.पीडीएफ.ईएक्सई’ असू शकते, आणि पैशाचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर ती उघडली जाणे परवडणारे नाही.

या दोन्ही गोष्टी वर सांगितलेल्या ‘एनटीयूझर डॉट डॅट’ या फाइलमध्ये लिहाव्या लागतात. तिची एक प्रत आधी दुसरीकडे ठेवून द्यावी. नंतर प्रशासकाच्या खात्यातून रजिस्ट्री एडिटर उघडून ‘एचकी यूझर्स’ या शाखेवर उभे राहावे, ‘फाइल’ मेनूतील ‘लोड हाइव्ह’ (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीचा फाइलमध्ये साठवलेला भाग) निवडून ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधील ती फाइल दाखवावी आणि विचारल्यावर कोणतेही तात्पुरते नाव द्यावे. त्या नावाची नवी शाखा दिसू लागते. तिच्यात सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विंडोज या क्रमाने गेल्यावर ‘लीगसी डिफॉल्ट प्रिंटर मोड’ या नोंदीला १ ही किंमत द्यावी, नोंद नसेल तर तयार करावी. शेपटांसाठी सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, अॅडव्हान्स्ड येथे ‘हाइड फाइल एक्स्ट’ची किंमत ० करावी. दोन्ही नोंदी डीवर्ड प्रकारच्या असतात, आणि नाव लिहिताना मध्ये जागा सोडायची नसते. एवढे केल्यावर नवा लिपिक एकदा पासबुकाचा प्रिंटर निवडील आणि तो पुढे बदलणार नाही. पहिली निवड मात्र त्याच्या खात्यात त्यालाच करावी लागेल.

दोन ठिकाणी चूक होते. ‘एचकी यूझर्स’खाली ‘डॉट डिफॉल्ट’ नावाची एक शाखा आधीपासून दिसते आणि नावावरून ती नव्या खात्यांची वाटते, पण ती तशी नाही. ती सिस्टिमच्या स्वतःच्या खात्याची आहे आणि तिचा परिणाम लॉगिनच्या पडद्यावर होतो. तेथे कितीही बदल केले तरी नव्या लिपिकाला त्यातले काही मिळणार नाही. दुसरी चूक माझ्या हातून घडलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण केंद्रात मी संध्याकाळी असेच बदल केले आणि काम झाल्यावर ‘अनलोड हाइव्ह’ न करता, रजिस्ट्री एडिटर तसाच उघडा ठेवून, पडदा लॉक करून निघून आलो. ती फाइल एडिटरच्या ताब्यातच राहिली. सकाळी तुकडीतली पहिली मुलगी त्या संगणकावर बसली, तिने नाव-पासवर्ड बरोबर दिला आणि तिला प्रोफाइल उघडता येत नसल्याचा संदेश आला. आपल्याच हातून काही बिघडले असे वाटून ती उठून मागच्या बाकावर जाऊन बसली, पुढे आठवडाभर ती त्या संगणकाकडे गेली नाही. हाइव्ह उतरवण्याला दहा सेकंद लागतात. बदल संपताच ती शाखा निवडून ‘अनलोड हाइव्ह’ करावे, एक चाचणीचे खाते उघडून त्यातून प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे, आणि मगच जागेवरून उठावे.

प्रश्न : ‘डिफॉल्ट’ फोल्डरमध्ये बदल केले, पण आधीच्या खात्यांत काहीच फरक पडला नाही. माझे काही चुकले का? (एक वाचिका, इचलकरंजी)

उत्तर : आपले काही चुकलेले नाही. प्रत एकदाच, पहिल्या लॉगिनच्या वेळी निघते. त्यानंतर ‘डिफॉल्ट’ आणि ते खाते यांचा संबंध उरत नाही. जुन्या खात्यांतही बदल हवा असेल तर विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी, म्हणजे प्रशासकाने खात्यांवर सेटिंग लावण्याची सोय, वापरावी; होम आवृत्तीत तिचा संपादक नसतो. मात्र तिने लावलेले सेटिंग वापरकर्त्याला सहसा बदलता येत नाही, ‘डिफॉल्ट’मधून आलेले सेटिंग तो आपल्या सोयीने बदलू शकतो, हा फरक लक्षात घेऊन निवड करावी.

जुने प्रोफाइल काढून नव्याने घडवायचे असेल तर आधी त्यातील फाइली सुरक्षित ठेवाव्यात, आणि ‘यूझर्स’मधला फोल्डर नुसता डिलीट करू नये. त्याची नोंद रजिस्ट्रीत तशीच राहते आणि पुढच्या लॉगिनला विंडोज तात्पुरते प्रोफाइल देऊन मोकळे होते, त्यात केलेले काम लॉगआउट करताच नाहीसे होते. सिस्टिमच्या ‘अॅडव्हान्स्ड’ विभागातील ‘यूझर प्रोफाइल्स’ येथून ते काढावे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ४० नवे संगणक येणार आहेत. प्रत्येकावर हे सारे हाताने करायचे का?

उत्तर : नाही. एक संगणक तयार करून त्याची प्रतिमा, म्हणजे विंडोजसकट सर्व मांडणीची एकत्र प्रत, बाकीच्यांवर उतरवावी. विंडोजच्या पहिल्याच स्वागताच्या पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ ३ एकत्र दाबल्यास ऑडिट मोड, म्हणजे खाते न उघडता संगणक तयार करण्याची अवस्था, सुरू होतो. त्यातील अॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात सर्व मांडणी करावी, आणि सिसप्रेप (प्रतिमा काढण्यासाठी संगणक तयार करणारे विंडोजचे साधन) चालवताना द्यायच्या उत्तर-फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या सूचना लिहिलेल्या फाइलमध्ये, स्पेशलाइझ या टप्प्याखाली, ‘कॉपी प्रोफाइल’ची किंमत ‘ट्रू’ ठेवावी. ते प्रोफाइल ‘डिफॉल्ट’वर उतरवण्याचा मायक्रोसॉफ्टने मान्य केलेला मार्ग हाच आहे. ऑडिट मोडमध्ये असताना इंटरनेट तोडून ठेवावे, नाही तर स्टोअरमधील अॅप त्या एका खात्यापुरते अद्ययावत होतात आणि नेमक्या त्याच कारणाने सिसप्रेप मध्येच थांबतो.

पीडीएफ किंवा वेबपान कोणत्या अॅपमध्ये उघडावे ही निवड मात्र या मार्गाने जात नाही. विंडोज ती प्रत्येक खात्याच्या ओळख-क्रमांकाशी बांधून ठेवते, त्यामुळे दुसऱ्या खात्यात गेलेली प्रत ग्राह्य धरली जात नाही. त्यासाठी डीआयएसएम या साधनाने तयार संगणकावरची यादी फाइलमध्ये काढून घ्यावी आणि ती प्रतिमेत आयात करावी. ती नव्या खात्यांना पहिल्या लॉगिनला लागू होते.

प्रश्न : पन्हाळा तालुक्यातील आमच्या शाळेत जुन्या संगणकांवर लिनक्स टाकले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या खात्यात ‘गृहपाठ’ नावाचा फोल्डर आणि मराठी टंकलेखन आपोआप यावे, असे करता येईल का? (एक शिक्षक)

उत्तर : सर, लिनक्समध्ये हे काम अधिक सरळ आहे. ‘ईटीसी’ या फोल्डरमध्ये ‘स्केल’ नावाचा फोल्डर असतो. सांगाडा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप आहे. त्यात जे असेल ते प्रत्येक नव्या खात्याच्या घरात कॉपी होते आणि त्याची मालकीही आपोआप त्या विद्यार्थ्याकडे जाते. तेव्हा ‘गृहपाठ’ हा फोल्डर तेथे तयार करावा. खाते उघडताना उबंटू किंवा डेबियनवर ‘अॅडयूझर’ ही आज्ञा वापरावी. ‘यूझरअॅड’ वापरायची असेल तर तिला एम हा पर्याय जोडावा लागतो, अन्यथा घरच तयार होत नाही आणि सांगाड्याची प्रतही निघत नाही.

मराठी टंकलेखनासाठी ग्नोम डेस्कटॉप असेल तर डीकॉन्फ या त्याच्या सेटिंग साठवणाऱ्या व्यवस्थेत संपूर्ण संगणकासाठी प्रारंभिक मूल्ये देता येतात. त्यांचा विशेष असा की, ज्या विद्यार्थ्याने ते सेटिंग स्वतः बदललेले नाही त्याच्या जुन्या खात्यातही ती लागू होतात, त्यामुळे आधी उघडलेली खाती पुसावी लागणार नाहीत. जुन्या खात्यांत ‘गृहपाठ’ फोल्डर मात्र आपल्यालाच ठेवावा लागेल. तो रूट (लिनक्सचा मुख्य प्रशासक) म्हणून कॉपी केला तर त्याची मालकी रूटकडेच राहते; विद्यार्थ्याला फोल्डर दिसतो, पण निबंध जतन करू गेल्यावर परवानगी नाकारली जाते. म्हणून कॉपी केल्यानंतर ‘सीएचओन’ या आज्ञेने प्रत्येक फोल्डर ज्याच्या-त्याच्या नावावर करून द्यावा.